सोमवारचं पाणी

मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागले तेव्हा मला ढगांचं एकही मराठी नाव येत नव्हतं. पुण्याच्या इंग्रजी शाळेत मी दहा वर्षं काढली होती. तिथे ती नावं लॅटिनमधून पाठ करून घेतली होती, सर्वांत उंच ढगापासून खाली, आणि परीक्षेत मला त्यांत पुरे गुण होते. पण वर बोट दाखवून 'हा कोणता' असं तिथे कोणी कधी विचारलं नव्हतं. ही गोष्ट मी सोलापुरात कोणाला सांगितली नाही. तेव्हा मी कोणाला फारसं काहीच सांगत नसे.

माझे मामा इथल्या एका गिरणीच्या कचेरीत होते. नवी पेठेच्या मागच्या बोळात त्यांचं घर होतं. शाळेत जागा मिळाली म्हणून मी त्यांच्याकडे येऊन राहिले. शाळा मराठी सातवीपर्यंतची. मला एकविसावं लागलं होतं, आणि सातवीच्या अकरा मुलींतल्या दोघी माझ्याहून चार बोटं उंच होत्या. पहिल्या दिवशी मी बोलले ते त्यांना समजलं, पण हसू आवरेना.

"बाई, तुमी लई पुस्तकातलं बोलता," पहिल्या बाकावरची म्हणाली. ही पेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्याची मुलगी, घरी कानडी बोलणारी, वर्गात सगळ्यांच्या आधी बोलणारी.

"मग कसं बोलू?" मी विचारलं.

"बोला की कसं बी. आमी समजून घिऊ."

शाळेसमोर एक म्हातारे गृहस्थ राहत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाशी शाळेला एक जुनं भांडं दिलं, पाऊस मोजायचं. तांब्याचा उभा डबा, वर नरसाळं, आत बाटली, आणि बरोबर एक काचेची नळी. नळीवर इंचाच्या आणि सेंटच्या रेघा. शंभर सेंटांचा एक इंच. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणे, ते भांडं कपाटात ठेवायला निघाल्या. मी म्हटलं, "मांडू या का? मुली रोज मोजतील. ढगही बघतील."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मुली गच्चीवर माना वर करून उभ्या राहणार? खाली रस्ता आहे. त्यांच्या घरची माणसं मला विचारतील, शाळेत हेच शिकवता काय?"

त्यात त्यांचं खोटं काही नव्हतं. बारा-तेरा वर्षांच्या मुली शाळेत ठेवणं हीच तेव्हा घरच्यांची मेहेरबानी होती. सातवीत अकरा होत्या, पाचवीत चौतीस. आठवडाभर भांडं कपाटातच राहिलं. मग मामींच्या कपाटाचा निखळलेला दरवाजा दिसला, त्याला आरसा होता. तो मी मागून घेतला आणि शाळेच्या मागच्या अंगणात जमिनीवर आडवा ठेवला. सगळं आभाळ त्यात उतरलं. त्यावर दोऱ्याने मी चौकोन पाडले. मोठ्या बाईंना बोलावून आणलं. त्या वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"मान खाली घालून आभाळ बघायचं," त्या म्हणाल्या. "बरं आहे हे." मग सरळ होऊन म्हणाल्या, "पण आकडे खरे पाहिजेत. महिन्याच्या महिन्याला नक्कल मी तपासणीच्या बाईंकडे पाठवणार. एक आकडा खोटा निघाला, तर वही बंद."

भांड्यासाठी अंगणाच्या मोकळ्या कोपऱ्यात मी हातभर उंचीचा दगडी चौथरा बांधून घेतला. गवंड्याने न सांगता त्याला चुना दिला. गाई-शेळ्या येऊ नयेत म्हणून भोवती तारेचं कुंपण घातलं. मग मी नियम केले, आणि मला वाटतं नियम करण्यात मला सुखच झालं. कुंपणाच्या आत चपला घालून जायचं नाही, कारण माती उडते. हात धुऊन जायचं. जिची पाळी आहे तिच्याखेरीज कोणी भांड्याला हात लावायचा नाही. नरसाळ्यात कडुलिंबाचा पाला पडलेला असेल तर आधी तो हळूच काढायचा. सकाळी आठाच्या ठोक्याला बाटलीतलं पाणी नळीत ओतायचं, नळी डोळ्यांसमोर धरायची, वाचायचं, वहीत लिहायचं. त्या वेळी बोलायचं नाही. शाळा अकराची, तरी मी स्वतः रोज आठाला हजर असे. मुलींना मी वार वाटून दिले. शाळेजवळच्या सहा जणी आठवड्याचे सहा वार, रविवार माझा.

ढगांच्या नावांचं मी लांबवत होते. शेवटी एका दुपारी सगळ्या आरशाभोवती बसल्या असताना मी म्हटलं, "मी नावं सांगणार नाही. तुम्ही सांगा. ज्या नावावर सगळ्यांचं एकमत होईल ते वहीत."

हा माझा चतुरपणा होता. पण त्यातून जे निघालं ते मला पुस्तकात मिळालं नसतं. गोळ्यागोळ्यांच्या ढगांना सांगोल्याकडची एक मुलगी चटकन 'मेंढरं' म्हणाली. शिकायला ती इथे आत्याकडे राहायची. सगळ्यांनी ते घेतलं. दिवसभर नुसतं राखाडी झाकलेलं असतं त्याला मळभ. खाली काळं आणि वर फुगलेलं, त्याच्यावर भांडण झालं. एकीचं म्हणणं 'हत्ती', एकीचं 'गिरणी'. शेवटी गिरणी ठरली, धुराड्यासकट.

आणि मग सर्वांत उंचावरचे, पांढऱ्या बारीक रेघांचे. माझ्या जिभेवर लॅटिन नाव होतं, ते मी गिळलं. मागच्या बाजूला बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताणा."

ती विणकराच्या घरची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि बोलायचं ते मोजून. मी विचारलं, "म्हणजे?"

"आमच्या गल्लीत सकाळी सूत ताणतात, बाई. या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याला खळ लावतात, कुंच्याने विंचरतात. वरून बघितलं तर असंच दिसतं." थोडं थांबून ती म्हणाली, "ताणा वर दिसला तर आज पाऊस नाही. उद्या-परवा बघावं लागतं. बघता-बघता तो विरघळून सगळीकडे दूध झालं, तर बाबा गल्लीत सूत काढत नाहीत. पाऊस आला तर खळ जाते. दोन दिवसांचं काम जातं."

मी ते तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. वर्गात आभाळाकडे गरजेने पाहणारी ती एकटीच होती. बाकीच्या माझ्यासाठी पाहत होत्या. तिला मी सोमवार दिला होता.

तिची मोठी बहीण पाचवीतून काढली होती, हे मला आक्कांनी सांगितलं. आक्का म्हणजे शाळेची बोलावणारी बाई. रोज सकाळी घरोघर जाऊन मुलींना हाका मारून, गोळा करून आणायच्या. पन्नाशीच्या, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कानडी वळणाचं मराठी. शाळेची किल्ली त्यांच्याकडे असे. त्या म्हणाल्या, "हिला बी काढणार होते, बाई. मीच बापाला म्हटलं, सातवी हुंदे. तो म्हणाला, हुंदे, पन काय बोलनं आलं तर दुसऱ्या दिवशी मागावर बसवीन." 

आषाढ बरा गेला. श्रावण कोरडा निघाला. वारा नुसता वाहायचा, ढग आरशाच्या एका काठातून येऊन दुसऱ्या काठाने जायचे. वहीत पावसाच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य. मुलींचा उत्साह त्या शून्यांबरोबर उतरत होता. मंगळवारवाली म्हणाली, "बाई, रिकामी बाटली काय मोजायची? बघूनच कळतंय की." मी म्हटलं, "शून्यसुद्धा मोजावं लागतं." असली वाक्यं मला तेव्हा फार आवडत.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मामींचं डोकं दुखत होतं, स्वयंपाक मी केला, आणि शाळेत पोचायला साडेआठ झाले. वहीत लिहिलेलं होतं. आभाळ: दहात एक वाटा, ताणा. पाऊस: बावीस सेंट.

"बावीस?" मी विचारलं.

"हो बाई."

"रात्री पाऊस पडला?"

"आमच्याकडे नाही पडला. पण बाटलीत होतं."

सोलापुरात असा पाऊस पडतो, स्टेशनावर पडतो आणि बाजारात पडत नाही. मुलींना मात्र तो आकडा पाहून आनंद झाला. आठवड्यातला एकुलता एक आकडा.

दुसऱ्या सोमवारी मी वेळेवर निघाले होते, पण दाराशी मोठ्या बाईंनी हजेरीपटासाठी थांबवलं. मी अंगणात आले तेव्हा ती नळी पुसत होती. अठरा सेंट. रात्री मी स्वतः मामांच्या ओट्यावर बसले होते, आभाळ स्वच्छ होतं.

वर्गात पहिल्या बाकावरची तोंडावर हात ठेवून म्हणाली, "हिच्याच वाराला पाऊस कसा गं पडतो? आमच्या वाराला काय उपास हाय काय आभाळाला?"

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. मधल्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतलं.

"खरं सांग. पाणी कुठून आलं?"

"माहीत नाही बाई. चौथऱ्याचा दगड थोडा ओला होता. माती कोरडी होती."

"मग तो पाऊस कसा?"

"पाऊस होता असं मी म्हटलं नाही. पाणी होतं."

मला ते उत्तर उद्धट वाटलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. मुलींना एखादा आकडा लिहायला मिळावा असं वाटत होतं हे मला ठाऊक होतं, आणि शांत मुली मोठं काही करून बसतात हेही मला, स्वतःवरून, ठाऊक होतं. मी म्हटलं, "कोणी घातल्याशिवाय बाटलीत पाणी येत नाही."

तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "आमच्या घरी पाऊस नको असतो, बाई. मी कशाला घालीन?"

मी घंटा झाली असं म्हणून निघून गेले. घंटा झालेली नव्हती.

तिसऱ्या सोमवारी वहीत वीस सेंट होते. महिना संपत आला होता. त्याच दुपारी मोठ्या बाई वर्गात आल्या आणि नक्कल करायला वही हवी म्हणाल्या. त्यांनी पान उघडलं, बोट खाली आणत आणत गेल्या आणि थांबल्या.

"सोमवारीच पाऊस? आणि आभाळ मोकळं?" त्या मला विचारत होत्या, पण अकरा जणी ऐकत होत्या. "हे काय आहे?"

मी त्या वेळी म्हणू शकले असते, की मला माहीत नाही. तेवढंच खरं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर बंद झालेली वही आली, आणि कपाटात परत गेलेलं भांडं. मी टेबलावरची लाल शाईची दौत ओढली आणि तिन्ही सोमवारांवर रेघ मारली. बावीसवर, अठरावर, विसावर. बाजूला तीन शून्यं काढली.

"चूक झाली होती," मी म्हटलं. "मुलीच्या हातून."

मोठ्या बाई त्या मुलीकडे न पाहताच गेल्या. ती मुलगी उभी राहिली. मला वाटलं काही बोलेल. तिने पाटी-पुस्तकं आवरली, पदर नीट केला आणि परत खाली बसली. शाळा सुटेपर्यंत ती तशीच बसून होती.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारी आक्का तिच्या दाराहून एकट्याच परत आल्या.

"बाप म्हनतो, जिथं पोरीला खोटारडी ठरवलं तिथं ती कशाला? बसलीया मागासाठी सुताच्या कांड्या भरत. मी लई समजावलं." आक्कांनी पदराने तोंड पुसलं. "खोटं बोलनारी पोर न्हाय ती, बाई."

मी म्हटलं, "बघते मी." काय बघणार होते ते मला माहीत नव्हतं. सातवीची परीक्षा दिल्याशिवाय शाळा सुटली तर पुढे तिच्या हाती काहीच नव्हतं. पास झाली तर निदान मास्तरीणबाईंच्या ट्रेनिंगला जाण्याचा रस्ता उघडा राहत होता. मी तो रस्ता एका रेघेने बंद केला होता, आणि अजूनही मनातल्या मनात म्हणत होते, की पाणी तिनेच घातलं असणार. माणूस स्वतःची बाजू किती चिकाटीने धरतो. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी रोज ठरवलं, आज तिच्या घरी जाईन. रोज संध्याकाळी नवी पेठेच्या गर्दीतून सरळ मामांच्या घरी आले.

चौथ्या सोमवारी तिची पाळी घ्यायला कोणी पुढे आली नाही. मी एकटीच आठाला कुंपणात गेले. चपला बाहेर काढल्या. आरशात दोनच मेंढरं होती, रात्र सबंध चांदण्यांची गेली होती. नरसाळ्यात पाला नव्हता. मी बाटली काढली.

तिच्यात पाणी होतं.

मी ते नळीत ओतलं आणि नळी डोळ्यांसमोर धरली. एकोणीस सेंट. खात्री करायला पुन्हा एकदा वाचलं. चौथऱ्याचा दगड एका बाजूने ओला होता. माती कोरडी होती. तिने सांगितलं होतं अगदी तसंच.

वही उघडून मी एकोणीस लिहिलं. टिपणाच्या रकान्यात काही लिहिता आलं नाही.

अकराला वर्ग भरला. मी काय करणार हे ठरवलेलं नव्हतं, पण उभी राहिले आणि म्हटलं, "आज सकाळी बाटलीत एकोणीस सेंट पाणी होतं. मी मोजलं. पाऊस पडलेला नाही. म्हणजे आधीचे तीन आकडेही खरे होते. रेघ मारली ती माझी चूक. आता मला सांगा, पाणी कुठून येतं?"

सांगोल्याची म्हणाली, "वही द्या की बाई." वही बाकावर आली आणि सगळ्या तिच्यावर वाकल्या. मी त्यांना हेच शिकवलं होतं, की आधी रकाने बघायचे, मग बोलायचं. वार, आभाळ, वारा, पाऊस. एकीने बोट फिरवलं, "निस्तं सोमवारीच." दुसरी म्हणाली, "आषाढात तसं न्हाय, कुटल्याबी वाराला पडलाय." आणि पहिल्या बाकावरचीने एकदम कपाळावर हात मारला.

"अगं बाई! श्रावणी सोमवार!"

"मग?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

त्या सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. पुण्याच्या शाळेत राहून माणसाचं काय होतं ते त्यांना तेव्हा कळलं असावं.

"बाई, श्रावणी सोमवारी पानी कुटं घालतात?" तिने मला लहान मुलीसारखं विचारलं. "चौथरा हाय. चुना दिल्याला. भवती कुंपन. आत चपला चालत न्हाईत. हात धुवून जायचं, बोलायचं न्हाय. रोज सकाळी आठाला तुमी सोता जाऊन वाकता. ह्याला काय म्हनायचं?"

एक जण फिसकन हसली आणि मग सगळा वर्ग हसायला लागला. मीही हसले असावे. वर्गाच्या खिडकीतून कोपऱ्यातलं ते पांढऱ्या चौथऱ्यावरचं उभं तांब्याचं भांडं मी पहिल्यांदा बाहेरच्या माणसासारखं पाहिलं.

आक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारायला मला वर्गासकट जावं लागलं, कारण कोणी मागे राहायला तयार नव्हतं.

"व्हय, मीच घातलं की," आक्का म्हणाल्या. सूप खाली ठेवलं. "चारी सोमवार. अंघोळ करून, पोरींना हाका मारायला जायच्या आदी. त्यात काय?"

"आक्का, ते पाऊस मोजायचं भांडं आहे."

"ठावं हाय मला. पावसाचंच हाय म्हनून तर घातलं." त्यांना माझ्या मंदपणाची कीव आली असावी. "पाऊस न्हाय, बाई. गावाभवती अडुसष्ट लिंगं हायत, तिकडं सगळा गाव पानी घालतो. ह्यो शाळंतला एकलाच बसलाय. इकडं कोन बघतं? पंचपात्रानं जरा घातलं. लई न्हाय."

"आणि बेल?" पहिल्या बाकावरची म्हणाली. "बेल न्हाय वाहिला?"

"वाहनार हुते. पन बाई रोज पाला काडून टाकतात. म्हटलं, ह्या देवाला पान चालत न्हाय."

मग कोणीतरी आक्कांना सांगितलं, की त्या पाण्यापायीच ती विणकराची मुलगी घरी बसली आहे. आक्कांचा चेहरा उतरला. त्यांना वही कधी कोणी दाखवलीच नव्हती. त्या उठल्या, "चला, मी जाऊन सांगते बापाला."

"नको," मी म्हटलं. "रेघ मी मारली."

संध्याकाळी शाळा सुटली. मी आधी मोठ्या बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं, शाईचंही. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या तोंडाचा कोपरा एकदा हलला, मला वाटतं आक्कांच्या बेलापाशी.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या, "आणि तरी तुम्ही लिहिलंत."

"हो."

"मुलगी परत आणा. वहीचं मग बघू."

मंगळवारी आठाचं माप झाल्यावर वही काखेत धरून मी विणकरांच्या गल्लीत गेले. तिथे मी पूर्वी कधी गेले नव्हते. घराघरातून मागांचा आवाज येत होता. गल्लीच्या मधोमध, फुलीसारख्या बांधलेल्या बांबूंच्या कैच्यांवर, शे-सव्वाशे हात सूत ताणलेलं होतं, लालभडक. दोन्ही बाजूंनी माणसं मोठे कुंचे घेऊन ते विंचरत पुढे सरकत होती. खळीचा आंबूस वास होता. मधे थांबलं तर सूत चिकटतं, म्हणून कोणी थांबत नव्हतं. मी सुताच्या अलीकडे, तिचे वडील पलीकडे. कोण ते दाखवायला एका बाईने मानेने खूण केली.

मी त्यांच्याबरोबर चालत चालत बोलले. वाक्यं पाठ करून आणली होती, ती सगळी विसरले.

"तुमच्या मुलीने खरं लिहिलं होतं. मी खोटं ठरवलं. चूक माझी होती. मी वर्गात सगळ्यांना सांगितलं आहे. तिला पाठवा."

त्यांनी कुंचा थांबवला नाही. तीन-चार पावलं गेल्यावर म्हणाले, "मला काय सांगता बाई? तिला सांगा."

ती दारात उभी होती. हाताला लाल रंग, कडेवर कांड्यांची टोपली. बहुधा पहिल्यापासून ऐकत होती. मी तिला आक्कांचं सांगितलं, चारी सोमवारांचं, पंचपात्राचं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "वही आणलीत?"

मी वही दिली. टोपली खाली ठेवून तिने हात लुगड्याला पुसले, पान काढलं आणि माझी लाल रेघ पाहत राहिली. मी कमरेला खोचलेली पेन्सिल पुढे केली. तिने घेतली नाही.

"तुम्ही लिहा. खोडलं तुम्ही."

उंबऱ्यावर वही ठेवून, गुडघे टेकून मी लिहिलं. तीन शून्यांवर रेघ मारली, बावीस, अठरा, वीस पुन्हा लिहिले. टिपणाच्या रकान्यात काय लिहावं ते मी तिलाच विचारलं. तिने विचार करून एकेक शब्द सांगितला, आणि मी लिहिला: 'बाटलीत पाणी होतं. पाऊस पडलेला नव्हता. पाणी आक्कांनी घातलं होतं. वाचणारीने बरोबर वाचलं होतं.' शेवटचं वाक्य सांगताना ती जरा थांबली होती. खाली मी माझी सही केली.

सूत विंचरणारी माणसं गल्लीच्या टोकाला जाऊन आता परत येत होती. तिच्या वडिलांनी काहीतरी तेलुगूत विचारलं. तिने वही उचलली आणि सुताच्या कडेने त्यांच्याबरोबर चालत वाचायला लागली. आधी मराठीत, माझं लिहिलेलं, मग तेलुगूत. तेलुगू पुष्कळ लांबलं. चार वाक्यांचं इतकं काय झालं ते मला कळलं नाही. मधे एकदा 'आक्का' ऐकू आलं आणि कुंचेवाली दोन माणसं मोठ्याने हसली. वडील हसले नाहीत, पण कुंचा हातात धरून त्यांनी एकदा वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काहीतरी थोडक्यात बोलले.

ती वही घेऊन परत आली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. वहीचा कोपरा दुमडला होता तो तिने सरळ केला. "हे हात धुते. अकराला येते."